'नर-मादी जोडी' म्हणून घेतलेले दोन पाम: साडेतीन वर्षांनंतरचा अभिप्राय

रोपं उत्तम, त्यांच्यावरची नर-मादीची चिठ्ठी चुकीची. ज्यांना एवढंच हवं आहे त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. पण ज्यांना घरात पामची जोडी लावून बी धरायचं आहे त्यांनी पुढचं जरूर वाचावं. माझी साडेतीन वर्षं या चिठ्ठीपायी गेली, तुमची जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

मी मागवलं होतं ते कॅमेडोरिया मेटॅलिका. दोन रोपं, यादीत नाव 'नर-मादी जोडी', आणि सुट्या दोन रोपांपेक्षा किंमत बरीच चढी. नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच मजकूर मी नंतर आणखी तीन-चार ठिकाणच्या याद्यांमध्ये वाचला, त्यामुळे एकट्या त्यांच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही.

आधी झाडाबद्दल, कारण झाड खरोखर देखणं आहे. इतर पामची पानं पात्यापात्यांची असतात. याचं पान बहुतेक वेळा अखंड, फक्त टोकाला दुभंगलेलं, माशाच्या शेपटीसारखं. रंग गडद निळसर हिरवा, आणि तिरपा उजेड पडला की त्यावर पत्र्यासारखी चकाकी उठते. मूळचं हे मेक्सिकोतलं, दाट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. म्हणून जिन्याच्या वळणावर, जिथे दिवसभरात ऊन असं येतच नाही, तिथे ते खूश असतं. खोड एकच, बोटाएवढं जाड, त्यावर बांबूसारखी पेरं. उंची बेताची राहते, छताला टेकण्याची भीती नाही. काही याद्यांत याला 'मिनिएचर फिशटेल' म्हणतात. खरा फिशटेल म्हणजे कॅरियोटा, आपला भेर्ली माड, आणि त्याचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. भेर्ली माडात नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात, याच्यात येत नाहीत.

पार्सल आलं तेव्हा मी फार आनंदात होते. मुळांचा गोळा ओल्या काथ्यात गुंडाळलेला, वरून प्लॅस्टिक, पानं एकत्र करून वर्तमानपत्राच्या सुरळीत घातलेली. एका पानाचं टोक तेवढं दुमडलं होतं. दोन्ही रोपं वीतभर उंच, पाच-पाच पानांची. खोडाला बांधलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर निळ्या शाईनं लिहिलेलं: एकीवर 'नर', दुसरीवर 'मादी'. पॅकिंगला पैकीच्या पैकी गुण. मुळं इतकी जपून पाठवणारी नर्सरी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

माझी चूक कुठे झाली ते आता कळतं. कॅमेडोरियाचा तुरा पानाच्या बेचक्यातून किंवा पान गळून गेलेल्या पेरातून निघतो, आणि तो वाळून गळला की पेरावर खूण राहते. माझ्या दोन्ही रोपांवर अशी एकही खूण नव्हती. म्हणजे ती तोवर कधीच फुलली नव्हती. आणि जे झाड फुललेलंच नाही ते नर की मादी हे नुसतं बघून सांगता येत नाही. पानावरून नाही, खोडावरून नाही, उंचीवरून नाही, बी गोल होतं की लांबट होतं यावरून तर नाहीच. खजुरासारख्या, जगभर पैसा मिळवून देणाऱ्या झाडावर पुष्कळ संशोधन झालंय; त्याचं लिंग एक्स-वाय गुणसूत्रांवर ठरतं आणि पानाच्या तुकड्यातून डीएनए तपासून ते रोपटं असतानाच ओळखता येतं. पण ते काम प्रयोगशाळेचं. नर्सरीत रोपांच्या रांगेतून फिरत कुणी 'ही मादी' म्हणून बोट दाखवत असेल, तर तो अंदाज सांगतोय.

त्याच यादीत 'अरेका पाम (मादी)' असंही लिहिलेलं होतं. ते वाचून मी तिथेच थांबायला हवं होतं. अरेका पाम म्हणून जो घरोघरी असतो, पिवळसर देठांचा, त्यात मादी झाड असा प्रकारच नाही. एकाच फुलोऱ्यावर तीन-तीन फुलांचे झुबके असतात, मध्ये एक मादी आणि दोन्ही बाजूंना नर. रॉयल पाम, बॉटल पाम, फॉक्सटेल, सुपारी ही सगळी एकाच झाडावर दोन्ही फुलं आणणारी. नारळाची पोय उघडलेली ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल: फुलोऱ्याच्या प्रत्येक फांदीच्या बुडाशी टपोरं मादी फूल, आणि वर टोकापर्यंत बारीक नर फुलांची रांग. नर फुलं आधी उमलतात आणि गळतात, मादी त्यानंतर तयार होते. उंच जातींत तर नर फुलांचा हंगाम संपल्यावरच मादीची पाळी येते, म्हणून त्यांना पराग दुसऱ्या फुलोऱ्यातून, बहुधा दुसऱ्या झाडावरून लागतो. वॉशिंग्टोनिया आणि सेबल यांच्यात तर एकेका फुलातच दोन्ही अंगं असतात. या झाडांबाबत 'नर आहे का मादी' हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवतो तो काही घराण्यांत. कॅमेडोरियाच्या शंभराच्या आसपास जाती, सगळ्यांची नर-मादी झाडं वेगळी. फिनिक्स म्हणजे खजुराचं घराणं, तेही पूर्ण तसंच. मादागास्करचे बिस्मार्किया आणि मॅजेस्टी पाम, हिंदी महासागरातल्या मस्कारेन बेटांवरचे लातानिया, शिवाय ऱ्हेपिस, पवनचक्कीच्या पात्यांसारख्या पानांचा ट्रॅकिकार्पस, भूमध्य समुद्राकाठचा बुटका कॅमेरॉप्स. शेवटच्या दोघांत मधूनच एखादं झाड दोन्ही प्रकारची फुलं आणतं, पण तो अपवाद. यातल्या एखाद्याची 'जोडी' कुणी विकत असेल तर निदान प्रश्न तरी खरा असतो. उत्तराची खात्री मात्र आपली आपणच करायची.

आता माझ्या जोडीचं काय झालं ते. 'नर' लिहिलेलं झाड एकोणिसाव्या महिन्यात फुललं. खालच्या पेरातून हिरवा दांडा निघाला, टोकाशी फुटला आणि त्याला आठ फाटे आले, प्रत्येकावर मोहरीएवढे मणी. पंधरा-वीस दिवसांत मणी नारिंगी झाले. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं भिंग माझ्याकडे आहे, ते डोळ्याला लावून मी एक मणी सुईनं उघडला. आत सहा पुंकेसर, आणि मधोमध एक वांझ दांडी. नर. चिठ्ठी खरी निघाली म्हणून मी त्या दिवशी फार समाधानात होते. भाचीला फोन करून सांगितलं की आता फक्त हिची वाट बघायची.

'ही' पाच महिन्यांनी फुलली. दांडा निघाला तेव्हाच मन थोडं खट्टू झालं, कारण त्यालाही फाटे फुटत होते. या जातीत मादीचा तुरा बहुधा एकच सरळ दांडा असतो, फार तर दोन-तीन फाटे. हिला सात आले. तरी मी वाट बघितली. मणी नारिंगी झाले, एक सकाळी कागदावर झटकून बघितला आणि कागदावर पिवळी धूळ पडली. भिंगातून सहा पुंकेसर. दोन्ही नर.

नर्सरीला फोन केला. फोनवरचे गृहस्थ सौजन्यानं बोलले, हे आधी लिहिते. "ताई, आम्ही पान बघून काढतो. पान रुंद असलं की मादी, चिंचोळं असलं की नर. सहसा चुकत नाही." मी विचारलं, "चुकत नाही हे कळतं कसं? झाडं फुलेपर्यंत तुमच्याकडे राहतात का?" ते म्हणाले, "तोपर्यंत विकली जातात." त्यांना आपण खोटं बोलतोय असं अजिबात वाटत नव्हतं. कुणीतरी त्यांना शिकवलं, ते तसं करत आले, आणि चुकलं तर सांगायला दोन-तीन वर्षांनी परत कोण येणार? माझ्या मते दोष इथेच आहे. लिंगाची खात्री देऊन जास्त किंमत घ्यायची असेल तर निदान काही झाडं फुलेपर्यंत ठेवून आपला अंदाज पडताळून बघायला हवा होता.

पानं मी मोजली. दोन्ही झाडांची पूर्ण उघडलेली सगळ्यात वरची तीन-तीन पानं, फूटपट्टी आडवी धरून. 'मादी' लिहिलेल्या झाडाची पानं सरासरी दोन बोटं जास्त रुंद होती, हे खरं. पण ती कुंडी जिन्याच्या कोपऱ्यात, जास्त सावलीत होती. कुंड्यांच्या जागा बदलल्या, आणि वर्षभरात आलेल्या नव्या पानांत फरक उलटा झाला. सावलीत पान रुंद होतं, बाकी काही नाही.

बदली रोप त्यांनी विनातक्रार पाठवलं, तेही पुन्हा जपून बांधून, पुन्हा 'मादी' अशी पट्टी लावून, पुन्हा वीतभर उंचीचं. हे रोप गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा फुललं आणि ती खरोखर मादी निघाली. म्हणजे तीन चिठ्ठ्यांपैकी दोन बरोबर. नाणं उडवून लिहिल्या असत्या तरी हिशेब साधारण इथेच आला असता. चिठ्ठी बरोबर निघाली म्हणजे लिहिणाऱ्याला माहीत होतं असं होत नाही, आणि या नर्सरीबद्दल समाधानाचे अभिप्राय देणाऱ्या मंडळींनी एवढं लक्षात घ्यावं. निम्म्या गिऱ्हाइकांना आपली चिठ्ठी खरी वाटणारच.

मी मात्र तेवढं थांबले नव्हते. दरम्यान एका हौशी माणसाकडून मी दुसरी मादी आणली होती, आणि या अभिप्रायाचा खरा उपयोग त्या खरेदीतच आहे. त्यांनी मला आधी तीन फोटो पाठवले: पूर्ण झाड, तुरा जवळून, आणि त्याच झाडावर मागच्या हंगामात धरलेली काळी फळं. फळांचा फोटो असला की पुढे बोलायचं काही उरत नाही. शिवाय त्यांनी दिलं ते बियांचं रोप नव्हतं, त्या फळणाऱ्या झाडाचीच गुटी होती.

पामची गुटी हे ऐकून मीही चमकले होते. बहुतेक पामना एकच शेंडा, फांद्या नाहीत, शेंडा छाटला की झाड गेलं; त्यामुळे कलम वगैरे पामच्या नशिबी नाही असंच आपण धरून चालतो. कॅमेडोरियाच्या खोडाच्या पेरांवर मात्र मुळांचे बारीक उंचवटे असतात, कुंडी दमट जागी असेल तर ते आपोआप फुटतातही. झाड उंच होऊन खालून उघडं पडलं की वरच्या पेरांभोवती ओलं शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकनं घट्ट बांधायचं, साल काढायची गरज नाही. काही महिन्यांत शेवाळ मुळांनी भरतं, मग त्याखाली खोड कापून वरचा भाग कुंडीत लावायचा. तो शेंडा म्हणजे तेच झाड. मादीच्या गुटीतून मादीच येणार, इथे अंदाजाला जागाच नाही. ज्या कॅमेडोरियांना बुडातून फुटवे येतात, उदाहरणार्थ बांबू पाम म्हणून विकला जाणारा सेफ्रिझी, त्यांच्या बाबतीत फुटवा वेगळा करूनही हेच साधतं. ऱ्हेपिसचंही तसंच. त्याची बरीचशी लागवड गड्ड्यातून फुटवे फोडून होते, म्हणून एका नर्सरीतल्या दहा कुंड्या एकाच झाडाच्या आणि त्यामुळे एकाच लिंगाच्या असू शकतात. ऱ्हेपिसची जोडी हवी असेल तर दोन्ही कुंड्या एकाच ठिकाणाहून घेऊ नका.

ही मादी माझ्याकडे आली तीच तुरा घेऊन. सरळ उभा एक दांडा, फाटा नाही, आणि त्याच्या भोवती खळग्यात बसवल्यासारखे घट्ट नारिंगी मणी. पहिले काही दिवस मणी बंद होते. मग एका सकाळी भिंग लावलं तर मण्यांच्या टोकाशी तीन बारीक टोकं बाहेर डोकावत होती आणि ओलसर चमकत होती. हीच वेळ. पण माझ्या नराचा तुरा नऊ दिवस आधीच झडला होता. दोन्ही झाडं घरात आहेत म्हणून ती एकाच वेळी फुलतील असं नसतं, आणि जोडी विकणारं कुणी हे सांगत नाही. नशिबानं मी पराग जमवून ठेवला होता. तुऱ्याखाली काळा कागद धरून सकाळी टिचकी मारायची, पडलेली पिवळी धूळ कागदाच्या पुडीत, पुडी छोट्या डबीत, डबीत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, आणि डबी फ्रिजमध्ये. नऊ दिवसांनी कोरड्या, मऊ ब्रशनं तोच पराग मादीला लावला, ओळीनं तीन सकाळी, दांडा हळूच फिरवत खालून वरपर्यंत.

पुढचे तीन आठवडे काहीच दिसलं नाही. मग काही मणी काळपट पडून गळायला लागले आणि मी आशा सोडणार तोच उरलेल्यांचा रंग गडद हिरवा होत गेला, बुड फुगलं. तेवीस फळं धरली. आधी हिरवी, मग चमकदार काळी, साधारण वाटाण्यापेक्षा थोडी लांबट, आणि ज्या दांड्यावर ती होती तो पूर्ण नारिंगी झाला. काळी फळं, नारिंगी दांडा, मागे ते निळसर पान. जिन्यातून जाता-येता प्रत्येक माणूस थांबून बघायचा. नुसता नर घरात असता तर हे कधीच दिसलं नसतं.

एक इशारा द्यायलाच हवा. फळांचा गर काढताना मी हातमोजे घातले नव्हते. पंधरा मिनिटांत बोटांना अशी आग आणि खाज सुटली की रात्री उशिरापर्यंत हात थंड पाण्यात बुडवून बसले. कॅमेडोरियाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. गर हातमोजे घालूनच काढा, आणि फळं मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

बिया ओलसर कोकोपीटमध्ये पेरल्या. पहिला कोंब सात महिन्यांनी आला, आतापर्यंत सहा उगवल्या. इतका वेळ लागतो म्हणून बी कुजलं असं समजून फेकू नका.

त्याच नर्सरीतून मी दुसरी एक वस्तूही घेतली होती, आणि तिच्याबद्दल चांगलंच लिहायचं आहे. फिनिक्स रोबेलेनी, बुटका खजूर. एका कुंडीत तीन खोडं. यादीत स्पष्ट लिहिलं होतं की ही तीन वेगवेगळी रोपं एकत्र लावलेली आहेत. हे लिहिणं महत्त्वाचं, कारण लोकांना ते एकच बहुखोडी झाड वाटतं. तीन वेगळ्या बिया म्हणजे तीन वेगळी नशिबं. माझ्या कुंडीत दोन माद्या आणि एक नर निघाला. नराची पोय उघडली तेव्हा आतून मलईच्या रंगाच्या फुलांचा झाडूच बाहेर आला, सुवासिक, मधमाश्यांनी भरलेला. दोन दिवसांत जमिनीवर तीन पाकळ्यांच्या बारीक फुलांचा सडा. मादीचा फुलोरा त्याच्यासमोर गरीब दिसतो, ताठ काड्यांवर पिवळट हिरवे मणी, बास. पण फळं तिलाच येतात. प्रत्येक मादी फुलात तीन कप्पे असतात, त्यातला सहसा एकच फळ होतो, बाकीचे दोन वाळून बुडाशी राहतात. फळ उलटं करून भिंगातून बघा, दिसतील. इथे मला ब्रश हातात धरावाच लागला नाही. ज्यांना घरात शिंका येतात त्यांनी खिडकीखाली नर ठेवू नये, आणि ज्यांना फरशीवर काळे डाग चालत नाहीत त्यांनी मादीची काडी फळं पिकण्याआधी छाटावी. देठाच्या बुडाशी लांब टोकदार काटे असतात, छाटताना डोळे जपा.

रोबेलेनीचं बी धरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फिनिक्सच्या जाती एकमेकींत सहज संकर करतात. आसपास दुसरा कुठलाही खजूर फुलात असेल तर तुमच्या मादीची रोपं निव्वळ रोबेलेनी असतीलच असं नाही. पुढे ती दांडगी होऊन कुंडी फोडतील.

खजुराची शेती करणाऱ्यांनी हा नर-मादीचा प्रश्न आपल्या कितीतरी आधी सोडवला. बी लावलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि निम्मी जमीन फुकट जाते, म्हणून ते फळणाऱ्या मादीच्या बुडाचे फुटवेच लावतात. एका नराच्या परागावर डझनावारी माद्या फळतात. नराचा तुरा कापून हातानं मादीला लावण्याची रीत मेसोपोटेमियात हजारो वर्षांपूर्वीपासून होती. पोटासाठी ज्यांना लिंग माहीत असणं गरजेचं होतं, त्यांनी पान बघून ठरवलं नाही. फळ बघून फुटवा घेतला. शोभेचे पाम विकणाऱ्यांनी याहून वेगळं काही करायचं कारण मला दिसत नाही.

या नर्सरीच्या यादीत सागो पामचीही 'नर' आणि 'मादी' अशी वेगळी रोपं आहेत. सागो हा पाम नव्हेच, तो सायकस, पामपेक्षा कितीतरी जुन्या कुळातला. पण नर-मादी झाडं त्यातही वेगळी: नराच्या मधोमध उंच शंकू उभा राहतो, मादीला मखमली पिवळसर पानांचा घुमट येतो. ही रोपं ते फुललेल्या झाडांच्या बुडाची पिल्लं काढून करतात, आणि आईचा फोटो मागितला तर पाठवतात. म्हणून सागोवरची त्यांची चिठ्ठी मी खरी मानते. एकाच यादीत एक चिठ्ठी विश्वासाची आणि दुसरी अंदाजाची, दोन्ही त्याच निळ्या शाईत, आणि गिऱ्हाइकाला फरक कळायला काही मार्ग नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. सागोच्या बिया आणि पानं विषारी आहेत, घरात कुत्रं असेल तर तो घेऊच नका.

तुम्हाला मेटॅलिका किंवा दुसरा कुठलाही कॅमेडोरिया घ्यायचा असेल तर विक्रेत्याला एवढंच विचारा: हे रोप बियांचं आहे की गुटीचं किंवा फुटव्याचं? बियांचं असेल तर ते फुललं आहे का, आणि तुऱ्याचा फोटो आहे का? दोन्ही उत्तरं 'नाही' असतील तर जोडीची किंमत देऊ नका. त्याच पैशात सुटी चार-पाच रोपं घ्या. पाच रोपांत सगळी एकाच लिंगाची निघण्याची शक्यता सोळात एक, दोनांत मात्र निम्मी. घरात सर्रास मिळणारा पार्लर पाम, कॅमेडोरिया एलेगन्स, तर बहुतेक वेळा एका कुंडीत दहा-पंधरा रोपं दाटीनं लावूनच विकतात. ती रोपं वेगळी करू नका. एकाच कुंडीत नर आणि मादी दोन्ही असण्याची शक्यता तिथे आयतीच मिळते.

गुण द्यायचे तर: रोपांची तब्येत पाच, पॅकिंग पाच, बदली देण्यातली तत्परता चार, रोबेलेनीच्या वर्णनातला प्रामाणिकपणा पाच. मेटॅलिकाच्या 'नर-मादी जोडी'ला एक, आणि तोही झाडाच्या देखणेपणाचा. एकूण दोन तारे देतेय, कारण मी पैसे दिले ते जोडीचे.

त्यांना मी गेल्या आठवड्यात लिहून कळवलं की यादीत फक्त 'बियांची रोपं, लिंग फुलल्यावर कळेल' एवढं टाका, आणि माझ्याकडच्या फळणाऱ्या मादीची गुटी हवी असेल तर मी बांधून देईन. उत्तर आलं, "ताई, विचार करतो." काल यादी पाहिली, मजकूर अजून तोच आहे. बदलला की मी इथे येऊन तारे वाढवीन.